कागदावरचा करार : इंजिनिअरिंग ड्रॉइंग आलं कुठून?

(पॉडकास्टच्या या भागाचं हे शब्दांकन. अडखळणं आणि 'म्हणजे कसंय ना' काढून टाकलंय, बाकी भाषा बोलण्याचीच ठेवली आहे.)

आजचा विषय ऐकून काही जणांच्या पोटात गोळा येणार आहे. विषय आहे इंजिनिअरिंग ड्रॉइंग. हो, तेच ते, फर्स्ट इयरचं. खांद्याला लटकवलेलं शीटचं नळकांडं, लोकलच्या गर्दीत सांभाळायचा मिनी ड्राफ्टर, टू-एच पेन्सिल, एन. डी. भट्टांचं पुस्तक, आणि "एक रेषा एच.पी.शी ३० अंशांत आणि व्ही.पी.शी ४५ अंशांत कललेली आहे" असं सुरू होणारं गणित. सबमिशनच्या आदल्या रात्री काचेखाली बल्ब लावून दुसऱ्याची शीट उतरवायची, त्याला 'जीटी मारणं' म्हणायचे. ग्लास ट्रेसिंग. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ज्यांनी इंजिनिअरिंग केलेलं नाही त्यांनी पळून जाऊ नका. आज एकही शीट काढायची नाहीये. आज गोष्ट ऐकायची आहे.

मी सॉफ्टवेअरवाला. नोकरीत मला ड्राफ्टर एकदाही लागला नाही. पण माझं रोजचं काम काय, तर ज्या टीमला मी कधी भेटलेलो नाही, त्यांच्याशी ठरलेल्या अटींवर विसंबून कोड लिहायचा. त्यांनी म्हटलंय की अमुक पाठवलं की तमुक परत येईल, मी त्यावर विश्वास ठेवतो. आम्ही त्याला कॉन्ट्रॅक्टच म्हणतो. एक दिवस सहज विचार केला की कधीही न भेटणाऱ्या दोन माणसांनी असा करार करायचा, ही पद्धत आली कुठून? शोधत मागे मागे गेलो तर पोहोचलो कुठे, तर फर्स्ट इयरच्या त्या एक्स-वाय लाइनवर!

तर आजचं म्हणणं एवढंच आहे की इंजिनिअरिंग ड्रॉइंग हा एक करार आहे. वस्तूची कल्पना करणारा एक, आणि ती बनवणारा दुसरा. या कराराच्या इतिहासात दोन प्रश्न सारखे डोकं वर काढतात. एक, करार असा कसा लिहायचा की त्याचे दोन अर्थ निघणार नाहीत? आणि दोन, तो वाचायचा हक्क कोणाला?

चित्र आणि ड्रॉइंग

आधी एक साधी गोष्ट समजून घेऊ. घरी सुताराला टेबल करायला सांगायचंय. सुतार समोर उभा असेल तर ड्रॉइंग लागतच नाही. हातानं दाखवायचं, "एवढं उंच, इथे एक खण." काही चुकतंय असं वाटलं तर तोच विचारतो. आता कल्पना करा की सुतार दुसऱ्या देशात आहे, फोन नाही, आणि तुम्हाला फक्त एक कागद पाठवता येणार आहे. तो जे जे प्रश्न विचारू शकला असता, त्या सगळ्यांची उत्तरं त्या कागदावर आधीच हवीत.

शेकडो वर्षं माणसाला दुसऱ्या प्रकारच्या कागदाची गरजच नव्हती, कारण कल्पना करणारा आणि बनवणारा एकाच ठिकाणी असायचे. याचं एक सुंदर उदाहरण आपल्या शेजारी, मध्य प्रदेशात आहे. भोपाळजवळ भोजपूरला राजा भोजाच्या काळातलं, ११व्या शतकातलं, शिवमंदिर आहे. ते अर्धवट राहिलं. त्याच्या आजूबाजूच्या खडकांवर आजही मंदिराच्या खांबांची आणि शिखराची रेखाटनं कोरलेली दिसतात. कारागीर तिथेच, दगड तिथेच, ड्रॉइंगही तिथेच. ते कुठे पाठवायचं नव्हतंच.

युरोपात १५व्या शतकात चित्रकारांनी पर्स्पेक्टिव्ह शोधून काढलं. आल्बर्टीनं १४३५ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. जवळचं मोठं, लांबचं लहान, डोळ्याला दिसतं तसं. चित्र म्हणून अप्रतिम. पण सुताराच्या काय कामाचं? त्या चित्रात टेबलाचा मागचा पाय पुढच्यापेक्षा आखूड दिसतो. तो पट्टीनं मोजला आणि तसाच कापला तर टेबल डुगडुगणार. पर्स्पेक्टिव्ह डोळ्याशी प्रामाणिक असतं, पण पट्टीशी नसतं.

पट्टीशी प्रामाणिक राहायचं ज्ञान होतं कोणाकडे? कारागिरांकडे. विशेषतः पाथरवटांकडे. दगडी कमान किंवा गोल जिना बांधताना प्रत्येक दगडाला वेगळा तिरपा छेद द्यावा लागतो, आणि तो आधी जमिनीवर आखून काढायच्या त्यांच्या युक्त्या होत्या. उस्ताद शागिर्दाला शिकवणार, बाहेर कोणाला नाही. १६४० मध्ये देझार्ग नावाच्या फ्रेंच गणितज्ञानं दगड कापायची एकच सर्वसाधारण पद्धत मांडली, सगळ्या प्रकारांना लागू पडणारी. कारागिरांना ते रुचलं नाही. क्युराबेल नावाच्या दगडकामातल्या माणसानं त्याच्याशी जाहीर भांडण मांडलं. भांडण वरवर भूमितीचं होतं, पण खाली प्रश्न असा होता की दगड कसा कापायचा हे ठरवणार कोण, छिन्नी धरणारा की पेन्सिल धरणारा? हा प्रश्न पुढेही सुटत नाही, बघाच.

गिलाव्याच्या खोलीतला मुलगा

आता आपल्या गोष्टीचा नायक. गास्पार मोंज. जन्म १७४६, फ्रान्समधलं बोन नावाचं गाव, वडील साधे व्यापारी. पोरगं हुशार. अठराच्या आसपासच्या वयात त्यानं स्वतः मोजमापं घेऊन आपल्या गावाचा मोठा नकाशा बनवला. तो एका लष्करी अधिकाऱ्याच्या नजरेस पडला आणि त्यातून मोंजला मेझिएरच्या लष्करी इंजिनिअरिंग शाळेत काम मिळालं.

काम मिळालं म्हणतोय, प्रवेश नाही. अधिकारी व्हायचं शिक्षण घ्यायला घराणं लागायचं, आणि मोंजकडे ते नव्हतं. त्याला बसवलं ड्राफ्ट्समनच्या विभागात, जिथे नकाशे उतरवायचे आणि किल्ल्यांची प्लास्टरची मॉडेल्स करायची. अधिकाऱ्यांची मुलं त्या विभागाला हिणवायची, त्याचं टोपणनावच गिलाव्यावरून पडलं होतं. म्हणजे डोकं कोणाचंही चालो, हुद्दा ठरलेला!

मग त्याच्याकडे एक प्रश्न आला. किल्ल्याची तटबंदी किती उंच ठेवायची, म्हणजे समोरच्या उंचवट्यावरच्या शत्रूला आतलं काही दिसणार नाही आणि त्याचा गोळा आत पोहोचणार नाही? आपल्याला हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. पुरंदर आठवा. १६६५ मध्ये मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेनं आधी शेजारचा वज्रगड घेतला, कारण तिथून पुरंदरावर तोफा डागता येत होत्या. समोरची टेकडी शत्रूच्या हातात गेली की तुमची भिंत किती जाड आहे याला फारसा अर्थ राहत नाही.

तेव्हा हा प्रश्न लांबलचक आकडेमोड करून सोडवायचे. एकेका ठिकाणाची उंची, अंतर, पुन्हा गणित, पुन्हा उंची. मोंजनं आकडेमोड बाजूला ठेवली आणि उत्तर रेघा काढून मिळवलं. इतक्या लवकर, की असं सांगतात, वरिष्ठांनी आधी ते तपासायलाच नकार दिला. एवढ्या वेळात गणित होऊच शकत नाही म्हणे! त्यानं आग्रह धरला, तपासलं, उत्तर बरोबर निघालं.

भिंत, जमीन आणि बिजागरी

त्यानं नेमकं केलं काय, हे मी दोन मिनिटांत सांगतो. मला फर्स्ट इयरला कोणी असं सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

खोलीत भिंत आणि जमीन जिथे मिळते तिथे बसा. हातात काडेपेटी धरा, भिंतीपासून थोडी पुढे, जमिनीपासून थोडी वर. आता समोरून टॉर्च मारला आणि किरण अगदी सरळ, एकमेकांना समांतर गेले असं धरा. भिंतीवर काडेपेटीची सावली पडेल. हा झाला समोरचा देखावा, एलिव्हेशन. वरून टॉर्च मारा, जमिनीवर सावली पडेल. हा झाला प्लॅन. सावल्या समांतर किरणांच्या आहेत, म्हणून लांबचं लहान होत नाही. पट्टी लावली तर माप खरं येतं.

आता खरी गंमत. भिंत आणि जमीन यांच्या सांध्यावर बिजागरी आहे असं समजा. जमीन खाली पाडा, दार उघडल्यासारखी, भिंतीच्या रेषेत येईपर्यंत. दोन्ही सावल्या आता एकाच सपाट कागदावर आल्या, वर एलिव्हेशन, खाली प्लॅन, आणि मधली बिजागरीची रेघ म्हणजे आपली एक्स-वाय लाइन. काडेपेटीचा कोणताही कोपरा घ्या, त्याचे दोन्ही ठसे एकाच उभ्या रेषेत येतात. दोन ठसे मिळाले की तो बिंदू हवेत नक्की कुठे होता ते परत काढता येतं.

प्लॅन आणि एलिव्हेशन मोंजच्या आधीही काढायचे. वास्तुकार काढायचे, ड्यूररनं १५२५ च्या आपल्या भूमितीच्या पुस्तकात अशी आकृती आणि तशी आकृती जोडून दाखवली होती. मोंजनं त्या दोन चित्रांना एका नियमानं बांधलं. त्यामुळे कागदावरच गणित सोडवता यायला लागलं. तिरप्या रेषेची खरी लांबी किती, दोन नळ्या एकमेकींत घुसल्या तर त्यांचा सांधा कसा दिसेल, एखाद्या टेकडीला टेकून जाणारं पातळ पान तटबंदीवर कुठे लागेल. भट्टांच्या पुस्तकातल्या त्या भयानक गणितांचं मूळ हे आहे. मुलांना छळायला ती कोणी तयार केली नव्हती. तोफेच्या गोळ्यापासून माणसं वाचवायला केली होती.

तीस वर्षांचं कुलूप

मग पुढे काय झालं? पद्धत जगभर पसरली? अजिबात नाही. लष्करानं तिला कुलूप लावलं. मेझिएरच्या बाहेर ती शिकवायची नाही, छापायची नाही. मोंज त्या शाळेत १७६५ च्या सुमारास आला, पद्धत उघडपणे शिकवली गेली १७९५ मध्ये. तीस वर्षं. ज्यानं ती शोधली तो स्वतः खालच्या दर्जाचा म्हणून बाजूला बसवलेला, आणि त्याचा शोध मात्र वरच्या दर्जाच्या मुलांसाठी राखीव!

कुलूप उघडलं फ्रेंच राज्यक्रांतीनं. १७९४ मध्ये पॅरिसला नवी शाळा निघाली, तीच पुढची एकोल पॉलिटेक्निक. तिथे प्रवेश परीक्षा देऊन, घराणं बघून नाही. आणि १७९५ मध्ये शिक्षक तयार करण्यासाठी काढलेल्या एकोल नॉर्मालमध्ये मोंजनं आपली पद्धत सगळ्यांसमोर शिकवली. ही व्याख्यानं तिथे बसलेल्या लघुलेखकांनी उतरवून घेतली आणि ती छापली गेली. १७९९ मध्ये त्याचंच पुस्तक झालं. म्हणजे मंडळी, इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा मूळ ग्रंथ हा एक ट्रान्सक्रिप्ट आहे. आपल्या ब्लॉगला हे ऐकून जरा बरं वाटायला हरकत नाही.

त्या व्याख्यानांच्या सुरुवातीलाच मोंज सांगतो की ही एक भाषा आहे. कल्पना सुचणाऱ्याला ती हवी, काम करवून घेणाऱ्याला हवी, आणि प्रत्यक्ष हातानं वस्तू घडवणाऱ्या कारागिरालाही हवी. तिघांनाही. त्याला ती शाळांमध्ये, कारागिरांच्या मुलांपर्यंत न्यायची होती, देशाचे कारखाने परक्या मालावर अवलंबून राहू नयेत म्हणून.

मोंजचा शेवट मात्र गोड नाही. तो नेपोलियनचा जवळचा माणूस झाला, त्याच्याबरोबर इजिप्तला गेला. नेपोलियन पडल्यावर नव्या राजवटीनं त्याला विज्ञान अकादमीतून काढून टाकलं. १८१८ मध्ये तो वारला तेव्हा पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्यांना अंत्ययात्रेला जायची परवानगी मिळाली नाही. पोरं नंतर जाऊन थडग्याला मानवंदना देऊन आली. १९८९ मध्ये त्याचे अवशेष पॅरिसच्या पांथेऑनमध्ये, राष्ट्रातल्या थोर लोकांच्या शेजारी, हलवले गेले.

एक भाषा, दोन बोली

कुलूप उघडल्यावर भाषा भराभर प्रवासाला निघाली. १८१६ मध्ये क्रोझे नावाचा पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला फ्रेंच अधिकारी अमेरिकेत वेस्ट पॉइंटला शिकवायला गेला आणि १८२१ मध्ये त्यानं या विषयावर इंग्रजीत पुस्तक काढलं.

इंग्लंडची तऱ्हा वेगळी. तिथे आधी यंत्रं आली, भूमिती नंतर. जेम्स वॉट आणि बोल्टन यांच्या कंपनीचा सुरुवातीचा धंदा बघा. पूर्ण इंजिन ते स्वतः बनवायचेच नाहीत. ड्रॉइंग द्यायचे, जोडणारा माणूस पाठवायचे, आणि बरेचसे भाग गिऱ्हाईक दुसरीकडून करून घ्यायचं. म्हणजे विकली जात होती ती मुख्यतः ड्रॉइंग्ज! कागदांच्या नकला काढाव्या लागायच्या, म्हणून १७८० मध्ये वॉटनं नक्कल काढायच्या प्रेसचं पेटंटही घेतलं.

केंब्रिजला फॅरिश नावाचे प्राध्यापक होते. ते यंत्रांवर व्याख्यानं देताना सुट्या भागांतून मॉडेल जोडायचे, व्याख्यान झालं की मोडायचे, पुढच्या वेळी त्याच भागांतून दुसरं. जोडायचं काम मदतनिसांचं. त्यांना समजेल असं चित्र हवं, म्हणून फॅरिश यांनी १८२२ मध्ये आयसोमेट्रिक पद्धत मांडली. आज फर्निचरच्या खोक्यात जे जोडणीचं चित्र निघतं, त्याची आजी ही. बघा, इथेही सुरुवात कुठून झाली? समोर नसलेल्या माणसाला कसं सांगायचं, इथूनच.

पुढे भाषेच्या दोन बोली झाल्या. आपण मघाशी केलं त्याला फर्स्ट अँगल म्हणतात, सावली पलीकडे पडते, जमीन खाली पडते, म्हणून टॉप व्ह्यू खाली येतो. अमेरिकेत पुढे थर्ड अँगल रुळला. तिथे वस्तू काचेच्या पेटीत आहे आणि जे दिसतं ते समोरच्याच काचेवर काढायचं. पेटीचं झाकण वर उघडतं, म्हणून टॉप व्ह्यू वर. युरोपात आणि आपल्या कॉलेजांत आज फर्स्ट अँगल. दोन्हींमध्ये चूक कोणतीच नाही. पण एका बोलीत लिहिलेलं दुसऱ्या बोलीत वाचलं तर डावं-उजवं उलटतं, आणि आरशात दिसावा तसा पार्ट तयार होतो. डाव्या हाताचा मोजा उजव्या हाताला जसा बसत नाही, तसा तो बसत नाही. म्हणून शीटच्या कोपऱ्यात ते छाटलेल्या शंकूचं बारकं चिन्ह असतं. परीक्षेत त्याला मार्क किती मिळतात माहीत नाही, पण "मी कोणत्या बोलीत बोलतोय" हे ते सांगतं.

आपल्याकडे भाषा कोणाला मिळाली?

आता मुंबईत येऊ. १८२३ मध्ये जॉर्ज जर्व्हिस नावाच्या कंपनी सरकारच्या लष्करी इंजिनिअरनं मुंबईत इथल्या मुलांसाठी इंजिनिअरिंगची शाळा चालवायला घेतली. शिकवायचं कशात? मराठी आणि गुजरातीत. पुस्तकं नव्हती, म्हणून जर्व्हिसनं जगन्नाथशास्त्री क्रमवंतांसारख्या पंडितांच्या मदतीनं गणिताची पुस्तकं मराठीत आणली. आज आपण 'तांत्रिक शिक्षण मराठीत शक्य आहे का' यावर वाद घालतो. ते १८२० च्या दशकात सुरू झालं होतं!

ती शाळा फार वर्षं चालली नाही. पुढे १८४० च्या दशकात, मुंबईच्या शिक्षण मंडळात, हाच जर्व्हिस आणि न्यायमूर्ती अर्स्किन पेरी यांच्यात मोठा वाद झाला. पेरींचं म्हणणं, वरचं शिक्षण इंग्रजीतच. जर्व्हिस आणि जगन्नाथ शंकरशेट यांचं म्हणणं, ज्ञान लोकांपर्यंत न्यायचं तर ते लोकांच्या भाषेतून. निकाल काय लागला ते आपण सगळे जाणतो, आपली बहुतेक इंजिनिअरिंगची पुस्तकं इंग्रजीत आहेत.

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे रेल्वे धावली. रस्ते, पूल, कालवे यांची कामं निघाली, आणि १८५४ मध्ये पुण्यात 'पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल' सुरू झालं. आजचं सीओईपी ते हेच. विश्वेश्वरय्या इथलेच. पण सुरुवातीचा हेतू नीट ऐका. सार्वजनिक बांधकामांसाठी दुय्यम अधिकारी तयार करायचे. म्हणजे साहेबानं काढलेलं ड्रॉइंग वाचता येईल, कामावर उभं राहून ते उतरवून घेता येईल अशी माणसं. मेझिएरची आठवण झाली ना? आखणारे वेगळे, वाचणारे वेगळे.

ही उतरंड आपल्या सरकारी खात्यांच्या शब्दांत राहून गेली. अभियंता, त्याखाली आरेखक, त्याखाली अनुरेखक, आणि साइटवर मिस्त्री. अनुरेखक म्हणजे ट्रेसर. दुसऱ्यानं काढलेल्या रेघांवरून रेघा काढणारा. आयुष्यभर अधिकृत जीटी! त्यात कमीपणा नाही, शाईचा एक थेंब न सांडता अख्ख्या पुलाची शीट उतरवणं हे कसबाचं काम होतं.

या कामावर पहिला घाला आला तो रसायनशास्त्राकडून. १८४२ मध्ये जॉन हर्शेलनं सायनोटाइप शोधला होता. लोहाचे क्षार लावलेला कागद, वर ट्रेसिंग, आणि ऊन. जिथे ऊन लागतं तिथे निळा रंग तयार होतो, रेघेच्या सावलीतला भाग पाण्यानं धुतला की पांढरा राहतो. १८७० च्या दशकापासून कारखान्यांनी हे उचललं, आणि त्यातून आला शब्द, ब्लूप्रिंट. मूळ ट्रेसिंग हातानंच काढायचं, पण पुढच्या नकला ऊन काढून देऊ लागलं. एकाच ड्रॉइंगच्या शंभर प्रती शंभर ठिकाणी जाऊ लागल्या. करार आता खरोखरच लांब लांब पोहोचायला लागला.

करार मोडतो तेव्हा

आणि करार मोडला तर? ही गोष्ट सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येणार नाही.

१७ जुलै १९८१. अमेरिकेत कॅन्सस सिटीमधलं हायट रीजन्सी हॉटेल. मधल्या मोठ्या चौकात नाचाचा कार्यक्रम चालू होता. वर छताला लोखंडी सळ्यांनी टांगलेले पादचारी पूल होते, चौथ्या मजल्यावरच्या पुलाच्या बरोबर खाली दुसऱ्या मजल्याचा. दोन्ही कोसळले. ११४ माणसं गेली, दोनशेहून अधिक जखमी झाली.

मूळ ड्रॉइंगमध्ये छतापासून निघालेली एकच लांब सळी दोन्ही पुलांमधून जात होती. विहिरीत सोडलेल्या एकाच दोराला दोन माणसं लटकली आहेत, प्रत्येकानं दोर स्वतःच्या हातानं धरलाय, असं समजा. पोलादाचं काम करणाऱ्यांना एवढ्या लांब सळीवर आटे पाडणं अवघड वाटलं. म्हणून शॉप ड्रॉइंगमध्ये एकीच्या दोन सळ्या झाल्या. पहिली छतापासून चौथ्या मजल्याच्या पुलापर्यंत, दुसरी त्या पुलापासून खाली. म्हणजे आता खालच्या माणसानं दोर सोडून वरच्याचे पाय धरले. दोराला काही फरक नाही, पण वरच्याच्या मुठीवर दुप्पट वजन! चौथ्या मजल्याच्या तुळईखालचा नट ही ती मूठ.

नंतरच्या सरकारी तपासात निघालं की मूळ रचनासुद्धा नियमात सांगितलेलं वजन पेलणारी नव्हती, आणि बदलानंतर तर ती आणखी निम्मी झाली. पण मला अडकवून ठेवणारी गोष्ट वेगळी आहे. त्या बदललेल्या ड्रॉइंगवर इंजिनिअर कंपनीचा मंजुरीचा शिक्का होता. बदललेल्या सांध्याचं गणित मात्र कोणीच केलं नव्हतं. बनवणाऱ्याला वाटलं, आखणाऱ्यानं बघितलं असेल. आखणाऱ्याला वाटलं, सांध्याचं बनवणारा बघेल. रेघा स्वच्छ होत्या, मापं लिहिलेली होती, वाचायला काही अडचण नव्हती. जबाबदार इंजिनिअरांचे परवाने गेले.

माझ्या धंद्यात रोज कोणी ना कोणी दुसऱ्याचा बदल बघून 'अप्रूव्ह'चं बटण दाबतं. मीही दाबतो. ही गोष्ट वाचल्यापासून ते दाबायच्या आधी मी स्वतःला एक प्रश्न विचारतो, की यातलं गणित मी केलंय, की कोणीतरी केलं असेल असं मी धरून चाललोय?

आता ड्रॉइंग बोर्ड गेला, मग?

१९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँड या विद्यार्थ्यानं स्केचपॅड नावाचा प्रोग्रॅम दाखवला. लाइट पेननं पडद्यावर रेघ काढायची आणि कॉम्प्युटरला सांगायचं की या दोन रेघा समांतरच राहिल्या पाहिजेत. मग तुम्ही कोपरा ओढा, त्या समांतरच राहतात. १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं. १९९४ मध्ये उडालेलं बोइंग ७७७ हे विमान पूर्णपणे कॉम्प्युटरवर डिझाइन झालं. आज बऱ्याच कारखान्यांत कागदच नसतो, मॉडेलवरच मापं लिहिलेली असतात. ट्रेसर गेला, ड्राफ्टर गेला, जीटीसुद्धा गेली असावी.

करार मात्र तिथेच आहे. स्क्रीनवर सुंदर फिरणारं मॉडेल हे मघाच्या पर्स्पेक्टिव्हसारखंच डोळ्याला पटतं. भोक २५ मिलिमीटरचं हवं की २५.०५ चाललं असतं, कोणता पृष्ठभाग आधार धरून मोजायचं, सळी एक की दोन, हे कोणीतरी ठरवून लिहावंच लागतं आणि दुसऱ्या कोणीतरी ते समजून वाचावं लागतं.

आणि दुसरा प्रश्नही तिथेच आहे. वाचणार कोण? २०२१ मध्ये एआयसीटीईनं मराठीसह काही भारतीय भाषांत बीटेक शिकवायला परवानगी दिली. जर्व्हिसच्या शाळेनंतर जवळजवळ दोनशे वर्षांनी. ते किती यशस्वी होईल यावर तुमची माझी मतं वेगळी असू शकतात. पण घराचं बांधकाम चालू असेल तिथे जरा थांबून बघा. ज्याला आपण प्लॅन म्हणतो त्याला गवंडी 'नकाशा' म्हणतो. तो त्यावर बोट ठेवतो, आकडे वाचतो, आणि खालची टीप इंग्रजीत आहे म्हणून इंजिनिअर येईपर्यंत थांबतो किंवा अंदाजानं पुढे जातो. मोंजनं तिघांसाठी म्हणून जी भाषा सांगितली होती, तिच्यातला तिसरा माणूस हा. त्या टिपेची एक ओळ मराठीत लिहायला किती शाई लागते?

तुमच्यापैकी कोणी साइटवर, वर्कशॉपमध्ये किंवा टूलरूममध्ये काम करत असेल, तर नक्की कळवा. तुमच्याकडे ड्रॉइंगवर काय लिहिलेलं असतं, आणि न लिहिलेलं काय नुसतं समजून घ्यावं लागतं? चांगले अनुभव पुढच्या एखाद्या भागात घेऊ. घरात कोणी जुने आरेखक किंवा अनुरेखक असतील तर त्यांच्याशी बोला आणि जमलं तर रेकॉर्ड करून ठेवा. ते काम आता कोणी करत नाही, आणि त्यांना ते सांगायला आवडतं.

आज इथेच थांबतो. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.